खाद्य आधी, जीव नंतर : सांगलीतल्या एका प्रवाळ-टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

सांगलीच्या गावभागात, कृष्णेच्या घाटापासून चालत जाता येईल अशा एका जुन्या दुमजली घरात ही टाकी उभी राहिली. मालक प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. इथे त्यांना नुसतं सर म्हणतो. ओळख पटू नये म्हणून घराच्या काही खुणा बदलल्या आहेत.

सरांनी गोड्या पाण्याच्या टाक्या आयुष्यभर सांभाळल्या होत्या आणि क्लाउनफिशची एक छोटी खारी टाकीही नीट चालवली होती. अंदमानच्या सहलीत त्यांनी जेटीच्या खांबांवर सन कोरल, म्हणजे ट्युबॅस्ट्रिया, संध्याकाळी उमलताना पाहिलं. दिवसा मिटलेले गोळे आणि अंधार पडला की पिवळ्या-नारिंगी भुजा. परत आल्यावर त्यांनी ठरवलं की आता टाकी करायची तर असल्याच प्रवाळांची. मी कोल्हापूर-सांगली भागात खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवतो, त्यामुळे आराखडा माझ्याकडे आला.

बहुतेक खडकबांधू प्रवाळांच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवालं राहतात. ती प्रकाशावर अन्न बनवतात आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. चांगला दिवा, स्थिर पाणी आणि योग्य क्षार दिले की असं प्रवाळ बरंचसं स्वतःच्या जिवावर जगतं. ट्युबॅस्ट्रिया किंवा डेंड्रोनेफ्थिया नावाचं मऊ प्रवाळ यांच्यात ही शैवालं नसतात. ती कपारीत, खडकाच्या सावलीत, प्रवाहाच्या तोंडाशी वाढतात आणि वाहत येणारा प्रत्येक घास स्वतः पकडतात. म्हणजे दिव्यांचा खर्च वाचतो आणि त्याच्या कितीतरी पट काम स्वयंपाकघरात आणि गाळणीत जाऊन बसतं.

अडचण कुठे होती

सरांच्या पहिल्या कागदावर टाकीचं माप, पंप, दगडांची मांडणी आणि हव्या असलेल्या सात-आठ जीवांची यादी होती. खाद्याची ओळ एकच होती, ‘गोठवलेली मायसिस, आठवड्यातून तीनदा’. मायसिस म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव.

अशा टाक्या मरतात त्या दोन कारणांनी. एक तर प्रवाळ हळूहळू उपाशी मरतं. डेंड्रोनेफ्थिया महिनाभर टवटवीत दिसतं, मग रोज थोडं आखडत जातं आणि काही महिन्यांत संपतं. नाहीतर मालक उपासमार टाळण्यासाठी खाद्य ओततो आणि पाणी सडतं. पंगतीत वाढणारे दहा आणि उष्टी ताटं उचलणारा एक, अशी ही अवस्था. मी सरांना म्हटलं, “आपण काय पाळायचं ते शेवटी ठरवू. रोज किती अन्न आत जाणार आणि त्याचा कचरा कोणत्या वाटेने बाहेर येणार, ते आधी ठरवू.” ते तयार झाले. त्याआधी मात्र एक प्रश्न सोडवायचा होता, तो कायद्याचा.

पहिला निर्णय : यादीतलं काय ठेवता येतं

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या अनुसूची 1 मध्ये 2001 साली प्रवाळांचा समावेश झाला. त्यात स्क्लेरॅक्टिनिया म्हणजे सगळी कठीण प्रवाळं आहेत, काळी प्रवाळं आहेत, ऑर्गन पाइप आणि फायर कोरल आहेत आणि सगळे समुद्रपंखे म्हणजे गॉर्गोनियन आहेत. ट्युबॅस्ट्रिया खडक बांधत नसलं तरी ते स्क्लेरॅक्टिनियाच. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठीही हा गट साइट्स कराराच्या परिशिष्ट 2 मध्ये येतो. अनुसूची 1 मधल्या जीवाच्या गुन्ह्याला किमान 3 आणि कमाल 7 वर्षं तुरुंगवास आहे.

सरांच्या यादीत दोन ट्युबॅस्ट्रिया आणि तीन गॉर्गोनियन होते. मुंबईचा एक विक्रेता ते पार्सलने पाठवायला तयार होता. बिल मागितल्यावर ‘मरीन डेकोर’ असं लिहून देतो म्हणाला. सर थोडा वेळ अडखळले, कारण हौशी लोकांत असे व्यवहार सर्रास होतात आणि ‘कोण विचारतंय’ हे वाक्य त्यांनीही ऐकलं होतं. मग तेच म्हणाले, “तीस वर्षं मुलांना अनुसूची शिकवली. घरात कशी आणू?” त्या पाच नावांवर त्यांनी लाल रेघ मारली.

त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी गेल्या. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे बहुतेकदा प्रवाळाचा सांगाडाच असतो, म्हणून दगड सिरॅमिकचे घ्यायचे ठरलं. तळ साफ करायला सुचवली जाणारी सी कुकुंबरही संरक्षित आहे, तीही वगळली.

दुसरा निर्णय : मग पाळायचं काय

पहिला पर्याय डेंड्रोनेफ्थियाचा. हे मऊ प्रवाळ अनुसूचीत नावाने येत नाही आणि दिसायला अप्रतिम. 1995 साली फॅब्रिशियस, बेनायाहू आणि जेनिन यांनी तांबड्या समुद्रातल्या डेंड्रोनेफ्थियावर काम करून दाखवलं की ते मुख्यतः वनस्पती-प्लवकांवर जगतं. याचा टाकीतला अर्थ असा की चोवीस तास, सतत वाहत्या पाण्यात, अगदी बारीक जिवंत शैवाल हवं. घरगुती टाकीत ते वर्षभर टिकवणारे फार थोडे. शिवाय ते परदेशातून येतं आणि आयात परवाना, विलगीकरणाचा कागद कुणीच दाखवत नव्हतं.

दुसरा पर्याय चिली कोरलचा, म्हणजे नेफ्थिजॉर्जियाचा. तेही मऊ प्रवाळ, प्रकाशाशिवाय जगणारं आणि डेंड्रोनेफ्थियापेक्षा पुष्कळ सोशिक. कागदांची अडचण इथेही तीच.

तिसरा पर्याय मी मांडला. प्रवाळाचा हट्ट काही काळ बाजूला ठेवून त्याच तोंडांचे दुसरे जीव आणायचे. ट्यूब ॲनिमोन, म्हणजे सेरिअँथस, ट्युबॅस्ट्रियासारखे मायसिसच्या आकाराचे घास पकडतं, तेही मुख्यतः रात्री. फेदर डस्टर कृमी डेंड्रोनेफ्थियासारखे पाण्यातले सूक्ष्म कण गाळून खातात. दोघांनाही प्रकाश लागत नाही. या दोघांना वर्षभर धष्टपुष्ट ठेवता आलं, तर ती टाकी बिनप्रकाशी प्रवाळाला लायक आहे असं म्हणता येईल. नाही जमलं तर प्रवाळ आणून मारण्याचं पाप तरी टळेल.

चौथा पर्याय सरांचाच, कोकणच्या किनाऱ्यावरून स्वतः गोळा करण्याचा. मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, तिथला प्रश्नच नव्हता. इतर खडकाळ किनाऱ्यांवरूनही ओढून-खरवडून आणलेला जीव बहुधा जखमी असतो. तो विचार त्यांनी स्वतःच सोडला. त्याऐवजी रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं मत्स्यालय बघून यायचं ठरलं आणि ते त्यांनी केलंही.

तिसरा पर्याय पक्का झाला, पण मन लावून नाही. सरांना नारिंगी रंग हवा होता. पुढे काही महिने हा विषय परत परत निघत राहिला.

तिसरा निर्णय : टाकी कोणत्या मजल्यावर

तळमजल्याची दगडी खोली घरात सगळ्यात गार. मेमध्येही तिथे पंख्याखाली बसवतं. पण ऑगस्ट 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, तेव्हा याच खोलीत पाणी शिरलं होतं. जुलै 2021 मध्येही सामान वर न्यावं लागलं. तळमजला बाद झाला.

वरच्या मजल्यावर दोन अडचणी, वजन आणि उष्णता. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण 190 लिटर पाणी बसतं. खाली संप, म्हणजे पाणी गाळायची दुसरी टाकी, आणि शैवालाचा कप्पा मिळून आणखी 160 लिटर. काच, दगड, लोखंडी स्टँड धरून वजन पाचशे किलोच्या आसपास जातं आणि ते सगळं साडेचार चौरस फुटांवर टेकतं. राहत्या खोलीची फरशी भारतीय मानकानुसार चौरस मीटरला सुमारे 200 किलोच्या भारासाठी धरतात. इथे टेकणीखाली तो हजाराच्या वर होता. स्थापत्य अभियंत्याला बोलावलं. त्याने तुळई कुठे आहे ते पाहून टाकी भिंतीला समांतर, तुळईवर, आणि पायांखाली लांब लोखंडी पट्ट्या देऊन ठेवायला सांगितली. सरांना ती खिडकीसमोर हवी होती. खिडकी गेली.

टाकी छोटी आणि एकूण पाणी जास्त, हे मुद्दाम केलं. दर्शनी भाग लहान असला की तेवढ्याच खाद्यात पाण्यातली कणांची दाटी जास्त राहते. संप मोठा असला की कचरा विरळ होतो.

उष्णतेवर मी चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, सुचवला नाही. दिवे जवळजवळ नाहीतच, त्यामुळे टाकीत उष्णता घालणारी एक मोठी गोष्ट मुळातच कमी. सांगलीचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे संपावर पंखा लावला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत पंखा काम करत नाही, पण तेव्हा खोलीच गार असते. उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडतं, ते भरायला ऑटो टॉप-अप बसवला. नाहीतर क्षारता 35 वरून चढत जाते.

कचऱ्याचं गणित

या प्रकरणात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक कागद. तो सरांनी आणि मी टाकीची काच यायच्या आधी मांडला.

दिवसाला 25 ग्रॅम गोठवलेलं खाद्य घातलं असं धरू. त्यात पाणी जवळजवळ 80 टक्के, म्हणजे कोरडं 5 ग्रॅम. कोरड्या भागात निम्मी प्रथिनं, प्रथिनांत 16 टक्के नायट्रोजन. म्हणजे रोज 0.4 ग्रॅम नायट्रोजन आत. ते सगळं शेवटी नायट्रेट झालं तर वजन 4.43 पट, सुमारे 1.77 ग्रॅम. 350 लिटरमध्ये विभागलं तर रोज लिटरला 5 मिलिग्रॅमची भर, आठवड्याला 35.

“आठवड्याला 50 लिटर पाणी बदलू की,” सर म्हणाले. 50 लिटर म्हणजे एकूण पाण्याचा सातवा भाग. सातव्या भागातून 35 बाहेर जायला टाकीत 245 साठलेलं असावं लागतं. म्हणजे नुसतं पाणी बदलत राहिलं तर नायट्रेट 245 वर जाऊन स्थिरावेल. एवढं बदलायलाही वर्षाला 95 किलोच्या आसपास समुद्री मीठ लागणार. सर कागदाकडे बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी प्रोटीन स्किमरच्या, म्हणजे फेसातून कचरा बाहेर काढणाऱ्या यंत्राच्या, ओळीपुढे ‘एक माप मोठा’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं.

त्यातून ठरलं असं. हजार लिटरच्या टाकीला चालेल एवढा स्किमर. संपात केटोमॉर्फा शैवालाचा कप्पा, त्यावर रात्री दिवा. तळाला वाळू नाही, म्हणजे पडलेलं खाद्य दिसतं आणि नळीने ओढता येतं. रोज थोडं पांढरं व्हिनेगर, म्हणजे जिवाणू वाढून नायट्रेट-फॉस्फेट बांधतील आणि स्किमर ते जिवाणू बाहेर काढेल. जिवाणू ऑक्सिजन खातात, म्हणून मात्रा अगदी थेंबांपासून. फॉस्फेट मागे उरतं, त्यासाठी लोहाचं ग्रॅन्युल माध्यम.

चौथा निर्णय : रिकाम्या टाकीला जेवण

टाकी भरली, जिवाणू बसले, अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले. इथे बहुतेक जण जीव आणतात. आम्ही आणला नाही. रिकाम्या टाकीला रोज खाद्य घालायला लागलो, आधी ठरलेल्याच्या चौथा हिस्सा, मग निम्मं, मग पूर्ण. खाणारा कुणी नाही, म्हणजे कचऱ्याच्या दृष्टीने ही सगळ्यात कडक परीक्षा.

घरात हे पटवणं सोपं नव्हतं. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, शाकाहारी. गोठवलेली कोळंबी स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये चालणार नाही असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणून वर एक लहान फ्रीज घेतला. आता तिथून रोज खाद्य काढून नुसत्या पाण्यात ओतायचं! काकूंनी तेव्हा विचारलेला प्रश्न मात्र आराखड्यात सगळ्यात आधी असायला हवा होता. “तुम्ही पुण्याला मुलाकडे गेलात की हे कोण घालणार? मी एक दिवसाआड घालीन. रोज रात्री पिपेट घेऊन बसणार नाही.” त्यावरून डोसिंग पंप, म्हणजे ठरल्या वेळी खाद्य सोडणारा पंप, आला, आणि पिपेटने भरवायचे जीव किती ठेवायचे याची मर्यादाही ठरली.

निम्म्या खाद्यावर नायट्रेट 30 च्या आसपास थांबलं. पूर्ण खाद्यावर ते 80 पार गेलं आणि दगडांवर लालसर सायनोबॅक्टेरियाची साय धरली. खाद्य परत निम्म्यावर आणलं, शैवालाचा कप्पा वाढवला, व्हिनेगर सावकाश चढवलं. पुन्हा पूर्ण खाद्यावर गेलो तेव्हा नायट्रेट 25 च्या आत राहिलं. यात उन्हाळा आला.

वळवाची संध्याकाळ

मेमध्ये वळवाचा जोरदार पाऊस झाला, झाड पडून वीज गेली आणि रात्री उशिरापर्यंत आली नाही. इन्व्हर्टर होता. पण इलेक्ट्रिशियनने डोसिंग पंप वायफायच्या सॉकेटला जोडला होता आणि ते सॉकेट इन्व्हर्टरवर होतं. मुख्य पंप, प्रवाहाचे पंप आणि स्किमर साध्या लाइनवर. परिणाम असा की पाणी उभं राहिलं, स्किमर थांबला आणि खाद्य मात्र वेळेवर टाकीत पडत राहिलं. सकाळी पाणी दुधाळ होतं आणि अमोनिया दिसत होता.

टाकीत जीव असते तर त्या रात्री बरेचसे गेले असते. मेलं काहीच नाही, कारण आत काही नव्हतंच. दुसऱ्याच दिवशी जोडणी उलट केली. डोसिंग पंप मुख्य पंपाच्याच सॉकेटवर, म्हणजे पाणी थांबलं की खाद्यही थांबणार. इन्व्हर्टरवर फक्त एक प्रवाह पंप आणि बॅटरीचा हवापंप. बिनप्रकाशी टाकी बांधणाऱ्या प्रत्येकाने ही एक जोडणी जीव आणण्याआधी स्वतः तपासावी, मेन स्विच पाडून.

जीव आले

पावसाळ्यापूर्वी एका विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर, एक ट्यूब ॲनिमोन आणि चार फेदर डस्टर घेतले. तळाला वाळू नसल्याने ॲनिमोनसाठी आठ इंची पीव्हीसी नळीत बारीक वाळू भरून ती दगडांमागे तिरकी बसवली. तिसऱ्या रात्री ते आत उतरलं आणि स्वतःची नळी विणू लागलं. त्याचा डंख तीव्र, म्हणून मासा एकही ठेवला नाही.

फेदर डस्टरसाठी नॅनोक्लोरॉप्सिसचं शैवाल घरीच वाढवायचं होतं. त्याच टेबलावर रोटिफर, म्हणजे शैवाल खाणारे सूक्ष्म प्राणी, हेही वाढत होते. हवेच्या नळीतून, थेंबांतून रोटिफर शैवालात शिरले आणि दोनच दिवसांत हिरवं पाणी पारदर्शक झालं. राखीव बाटलीही तिथेच होती. बाहेरून शैवाल येईपर्यंत दोन कृमींनी पंखांचा मुकुट टाकून दिला. ताण आला की ते असं करतात. एकाला नवा मुकुट फुटला, दुसरा नळीतच गेला. आता शैवाल एका खोलीत, रोटिफर दुसऱ्या खोलीत आणि राखीव बाटली फ्रीजमध्ये.

पुराचा आराखडाही याच वेळी लिहिला. जूनआधी 200 लिटर आरओ पाणी आणि मीठ साठवायचं, कारण पुरात नळ बंद होतो. आयर्विन पुलाची पातळी 40 फुटांच्या इशाऱ्याला टेकली की खाद्य निम्मं. 45 ही धोक्याची पातळी आली की खाद्य बंद, आणि जीव झाकणाच्या दोन टबांत, हवापंपासकट, विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडे. गावभागात तेव्हा वीज तोडली जाते, त्यामुळे टाकी तिथेच चालवायचा प्रयत्न करायचा नाही.

आजची स्थिती

वर्ष उलटून गेलं आहे. ॲनिमोन आणि तीन फेदर डस्टर चांगले आहेत, ॲनिमोनचा घेर वाढला आहे. नायट्रेट 15 ते 25, फॉस्फेट 0.1 च्या खाली. सगळे पंप मिळून महिन्याला 85-90 युनिट वीज जाते. काकू एक दिवसाआड ॲनिमोनला भरवतात आणि त्याची नोंद वहीत त्यांच्याच अक्षरात आहे.

चिली कोरलसाठी सरांनी दोन आयातदारांकडे परवाना आणि विलगीकरणाचे कागद मागितले आहेत. एकाने उत्तर दिलं नाही, दुसऱ्याने अपुरे कागद पाठवले. सरांनी ते परत केले.

वेगळं काय करता येईल

खाद्य कोण घालणार हा प्रश्न पहिल्या बैठकीत, घरातल्या सगळ्यांना बसवून विचारला पाहिजे. इथे तो उशिरा आला आणि डोसिंग पंप घाईत जोडला गेला. वळवाच्या संध्याकाळचं मूळ तिथे आहे.

शैवालाची शेती टाकीच्या आधी सुरू व्हायला हवी. रिकाम्या टाकीच्या महिन्यांत तीही चालवून पाहिली असती, तर रोटिफरची लागण तेव्हाच कळली असती आणि एक कृमी वाचला असता.

रिकाम्या टाकीला जेवण देण्याचा काळ मात्र मी आणखी लांबवेन. आम्ही उन्हाळ्यातून गेलो, पण दमट पावसाळ्यातून गेलो नाही, आणि पहिल्या जुलैत पंखा निकामी ठरला तेव्हा दोन दिवस तापमानाची काळजी करावी लागली. सांगलीसारख्या गावात दोन्ही ऋतू बघूनच जीव आणावा असं माझं मत आहे. सरांना ते पटत नाही. त्यांच्या मते इतका उशीर केला तर माणसाचा धीर सुटतो आणि टाकी विकायला निघते.